२०१६ मध्ये जगात काय घडलं होतं?

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर भाच्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "मावशी, २०१६ मध्ये जगात काहीतरी भारी घडलेलं असणार. बघ ना, आत्महत्या एकदम कमी झाल्यात."

पडद्यावर एक निळी रेष होती. १९८५ पासून वर चढत गेलेली, नव्वदच्या दशकात माथ्यावर पोचलेली, मग हळूहळू उतरणारी आणि शेवटच्या वर्षी थेट तळाला टेकलेली. दोन लाखांवरून एकदम पंधरा-सोळा हजारांवर. भाचा संख्याशास्त्र घेऊन बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी त्यानं 'देशोदेशींचे आत्महत्येचे दर' हा विषय निवडला होता. मी पोटापाण्यासाठी आकड्यांचे आलेखच काढते, त्यामुळे परळच्या आमच्या घरात असले प्रश्न माझ्याकडे येतात. (विजेचं बिल जास्त का आलं, हा प्रश्नही माझ्याकडेच येतो. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.)

"२०१६ मध्ये किती देशांनी आकडे दिलेत ते मोज," मी म्हटलं.

त्यानं मोजले. सोळा.

कॅगल नावाच्या संकेतस्थळावर हा तक्ता मिळतो. आलेख शिकणाऱ्या जगभरच्या मुलांनी तो कधी ना कधी वापरलेला असतो. २७,८२० ओळी, १०१ देश, १९८५ ते २०१६ अशी वर्षं. त्यातल्या शेवटच्या वर्षाचे आकडे गोळा होत असतानाच तो तयार झाला, म्हणून २०१६ च्या रकान्यात मोजकेच देश आले. जगातल्या आत्महत्या अशा एकदम कमी झाल्याच नव्हत्या. हजेरी घेतली तेव्हा वर्गात सोळाच मुलं बसलेली होती, एवढंच.

त्या रेषेचा चढही असाच फसवा आहे. रशिया या तक्त्यात १९८९ पासून दिसतो, आणि रशियाचा दर त्या काळात जगातल्या सर्वात मोठ्या दरांपैकी होता. एवढा मोठा आणि एवढ्या वरच्या दराचा देश बेरजेत आला की सगळ्या जगाची सरासरी वर जाते. जग जास्त दुःखी झालं म्हणून रेष चढली, असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर बेरजेतली माणसंच बदललेली असतात.

पण खरा धक्का पुढे होता. "आता भारताची रेष काढ," मी म्हटलं. त्यानं शोधलं आणि चेहरा पडला. भारत त्या तक्त्यात नाहीच. चीनही नाही. ज्या आलेखाला त्यानं 'जग' असं ठसठशीत नाव दिलं होतं, त्यात जगातल्या दर तीन माणसांमागे एकाहून जास्त माणूस गैरहजर होता.

भारत का नाही, हे समजून घेतलं की या विषयाची निम्मी वाट सरते. जागतिक आरोग्य संघटनेला जे देश मृत्यूंची कारणवार नोंद नियमित पाठवतात, त्यांचे आकडे अशा तक्त्यांत सहज येतात. आपल्याकडे मृत्यूची नोंद होते, पण तो कशानं झाला याचा डॉक्टरी दाखला फार थोड्यांना मिळतो. २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांना असं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. मुंबईत राहणाऱ्याला हे खरं वाटत नाही, कारण इथे डॉक्टरांच्या सहीचा कागद नसेल तर स्मशानात पुढचं काही हलत नाही. पण देश म्हणजे मुंबई नव्हे.

मग भारताचा आकडा येतो कुठून? मुख्यतः पोलीस ठाण्यातून. अनैसर्गिक मृत्यू झाला की पोलीस 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, जबाब घेतले जातात आणि शेवटी प्रकरण कुठल्या तरी रकान्यात जाऊन बसतं. असे रकाने जोडत जोडत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे ज्याला सगळे एनसीआरबी म्हणतात त्याचा, वार्षिक अहवाल तयार होतो. २०२२ चा आकडा १,७०,९२४.

हे रकाने भरणारे हात माणसांचे असतात. घरच्यांना बदनामी नको असते, धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं, पोलिसांचा ससेमिरा नको असतो. "पाय घसरला", "चुकून झालं" असं सांगितलं जातं आणि पुष्कळदा तेच लिहिलंही जातं. त्यात आत्महत्येचा प्रयत्न हा कित्येक दशकं गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला तेव्हा कुठे कायद्यानं म्हटलं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालावं, तिला शिक्षा करू नये, उलट सरकारनं तिची काळजी घ्यावी. जिथे जीव वाचला तरी गुन्हा दाखल व्हायचा, तिथे खरं कोण सांगणार होतं?

किती निसटतं, याचा अंदाज घेण्याचा एक मार्ग शोधला गेला. भारतात दहा लाख मृत्यूंचा अभ्यास म्हणून ओळखला जाणारा मोठा प्रकल्प झाला. त्यात कार्यकर्ते घरोघर गेले, मृत्यूपूर्वी काय झालं होतं हे घरच्यांना सावकाश विचारलं, आणि ती हकीकत वाचून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवलं. त्यावरून २०१० साली भारतात सुमारे १,८७,००० आत्महत्या झाल्याचा अंदाज निघाला. त्याच वर्षी पोलिसांच्या दप्तरी १,३४,५९९ होत्या. मधली पन्नास हजार माणसं कुठल्या रकान्यात गेली? अपघातात, आजारात, 'इतर'मध्ये.

म्हणून जगाच्या नकाशावर भारताला जो रंग दिलेला असतो तो मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना पोलिसांचे आकडे, असे अभ्यास आणि गणिती प्रतिमानं एकत्र करून तो काढते. २०१९ साठी तिचा भारताबद्दलचा अंदाज सुमारे १ लाख ७३ हजार होता. एनसीआरबीचा त्या वर्षीचा आकडा १,३९,१२३. नकाशात मात्र जपान आणि भारत दोन्ही सारख्याच आत्मविश्वासानं रंगवलेले दिसतात. माझं सरळ मत आहे की हा अप्रामाणिकपणा आहे. जिथे आकडा अंदाजाचा आहे तिथे रंगावर तिरप्या रेघा माराव्यात, ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना मिशा काढाव्यात. आकडा इथपासून तिथपर्यंत कुठेही असू शकतो, हे त्या मिशा सांगतात. संघटना स्वतः देशांच्या नोंदींची प्रतवारी करते. ती माहिती असते, फक्त चित्र काढणारे ती घेत नाहीत. चित्र कमी सुंदर दिसतं ना.

आता दराबद्दल. दादर स्टेशनात पाकीटमारीच्या तक्रारी मशीद स्टेशनपेक्षा जास्त येतात असं समजा. म्हणून दादरचे पाकीटमार जास्त हुशार ठरतात का? तिथे माणसंच जास्त आहेत. गर्दीनं भागल्याशिवाय तुलना होत नाही. तसंच इथेही दर लाख लोकसंख्येमागे किती, हे बघायचं. एवढी साधी गोष्ट, पण दरवर्षी एनसीआरबीचा अहवाल आला की आपल्याकडे मथळा ठरलेला असतो: 'आत्महत्यांमध्ये महाराष्ट्र अव्वल'. अव्वल! हा शब्द आपण दहावीच्या निकालाला वापरतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदवल्या गेल्या, देशात सर्वाधिक, हे खरं. पण लाखामागे दर निघतो १८.१. केरळचा त्याच वर्षी २८.५ होता आणि सिक्कीमचा ४३.१. बिहारचा होता ०.६.

बिहारच्या त्या ०.६ कडे जरा थांबून बघा. केरळमधल्या माणसाच्या तुलनेत बिहारमधला माणूस पंचेचाळीस-पन्नास पट सुखी आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एकदा कुर्ल्याच्या टर्मिनसवर जाऊन पाटण्याहून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्या पोरांशी बोलावं. अशा आकड्यात दुःख किती आणि नोंदवही किती, हे वेगळं करता येत नाही. साक्षर, दवाखाने असलेलं, नोंदी नीट ठेवणारं राज्य नकाशावर काळवंडून दिसतं, आणि जिथे नोंदच होत नाही ते राज्य फिकट, निरोगी दिसतं.

सिक्कीमची गोष्ट निराळी आहे. तिथला आकडा २९३ होता आणि लोकसंख्या सात लाखांच्या आत. तीस मृत्यू कमी-जास्त झाले तरी सिक्कीमचा दर चारांहून अधिकनं हलतो. महाराष्ट्रात तेवढ्याच फरकानं दशांशानंतरचा दुसरा आकडा जेमतेम बदलतो. म्हणून छोटे देश आणि छोटी राज्यं यादीच्या दोन्ही टोकांना आलटून पालटून दिसतात. २०१९ च्या जागतिक यादीत अगदी तळाला कॅरिबियन समुद्रातली चिमुकली बेटं होती आणि माथ्यावर लेसोथो होतं. दक्षिण आफ्रिकेनं चहूबाजूंनी वेढलेला, वीस-बावीस लाख वस्तीचा देश. याचा अर्थ लेसोथोतलं संकट खोटं आहे असा नाही. ७२.४ हा दर नुसत्या योगायोगानं येत नाही. पण एका वर्षाची क्रमवारी लावून पहिला-दुसरा करण्यात शहाणपणा नाही, एवढंच.

वयाची भानगड समजवायला मी भाच्याला गिरगाव सांगितलं. गिरगावातल्या जुन्या चाळीत आता म्हातारी माणसंच जास्त उरलीत, तरुण जोडपी विरार-डोंबिवलीला गेली. गुडघेदुखीचे रुग्ण दोन्हीकडे मोजले तर गिरगावची हवा गुडघ्यांना वाईट असा निष्कर्ष निघेल. तो टाळायचा तर दोन्ही वस्त्यांत वयांची विभागणी सारखीच असती तर काय झालं असतं, असं गणित मांडावं लागतं. याला वयप्रमाणित दर म्हणतात. पुष्कळ देशांत वृद्धांमध्ये आत्महत्येचा दर जास्त असतो, त्यामुळे या गणितानं चित्र बरंच हलतं. २०१९ मध्ये दक्षिण कोरियाचा साधा दर २८.६ होता, वयप्रमाणित केला की २१.२. लेसोथो तरुण देश, त्याचा ७२.४ वरून उलट ८७.५ वर गेला. भारत १२.७ वरून १२.९, म्हणजे होता तिथेच. बातमीत यांतला कुठला दर वापरला आहे हे क्वचितच लिहिलेलं असतं. दोन बातम्यांत एकाच देशाचे दोन आकडे दिसले की लोक म्हणतात, आकडे खोटे. बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात.

नकाशा हे या विषयातलं सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात बेभरवशाचं चित्र आहे. नकाशावर डोळा जमीन बघतो, माणसं नाही. आपल्याच राज्याचा जिल्हावार नकाशा रंगवून बघा. गडचिरोली जिल्हा १४ हजार चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेत तिथे पावणे अकरा लाख माणसं होती. मुंबई उपनगर जिल्हा साडेचारशे चौरस किलोमीटरचाही नाही आणि माणसं ९३ लाखांवर. नकाशात गडचिरोलीचा रंग डोळ्यांत भरतो, मुंबई शोधायला चष्मा लावावा लागतो. जगाच्या नकाशात हेच काम रशिया, कॅनडा आणि ग्रीनलँड करतात. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. आफ्रिका प्रत्यक्षात त्याच्या चौदा पट मोठी आहे.

रंगांचे पट्टे कुठे तोडायचे, हे चित्र काढणारा ठरवतो. अमेरिकेचा २०१९ चा दर १६.१ होता, भारताचा १२.७. दहा ते वीस असा एकच पट्टा ठेवला तर दोन्ही देश एका रंगाचे. पंधरावर तोडला तर अमेरिका गडद, भारत फिका. आकडे तेच, मथळे वेगळे. आणि माहिती नसलेल्या देशाला पांढरा रंग देण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. फिक्यापासून गडदापर्यंत जाणाऱ्या पट्टीत पांढरं म्हणजे शून्य असंच वाटतं. माहिती नाही तिथे करडा रंग द्यावा.

हा नकाशांचा नाद जुना आहे. १८३३ मध्ये आंद्रे-मिशेल गेरी नावाच्या फ्रेंच वकिलानं फ्रान्सच्या प्रांतांचे छटा दिलेले नकाशे प्रसिद्ध केले. गुन्हे, साक्षरता, गरिबांना दिलेलं दान असे विषय होते, आणि त्यांतला एक नकाशा आत्महत्यांचा होता. पॅरिसच्या जवळ प्रमाण जास्त आणि जसजसं दूर जावं तसतसं कमी, हे त्यानं दाखवलं. आत्महत्या ही एकेकट्या माणसाच्या मनातली गोष्ट असली तरी समाज म्हणून पाहिलं की तिला आकार असतो, दरवर्षी जवळपास तसाच परत येणारा, हे लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

१८९७ मध्ये एमिल द्युर्केम या समाजशास्त्रज्ञानं याच वाटेनं पुढे जाऊन म्हटलं की प्रोटेस्टंट प्रदेशांत आत्महत्या जास्त होतात, कॅथलिक प्रदेशांत कमी, कारण कॅथलिक समाज माणसाला घट्ट बांधून ठेवतो. सिद्धांत गाजला, आजही शिकवला जातो. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र शंका काढली. कॅथलिक गावात आत्महत्या हे मोठं पाप. तिथे असा मृत्यू 'आकस्मिक' किंवा 'कारण अज्ञात' म्हणून लिहिला जात असेल तर? पोलीस ठाण्यातलं आमचं "पाय घसरला" आणि युरोपातल्या चर्चच्या वहीतलं ते 'आकस्मिक', दोघंही एकाच गावचे.

द्युर्केमच्या पद्धतीत आणखी एक खड्डा आहे, आणि भाचाही त्यात पडला. त्यानं प्रत्येक देशाचा एक ठिपका काढला होता, आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्या अक्षावर आत्महत्येचा दर. ठिपक्यांचा नुसता थवा दिसत होता. दक्षिण कोरिया श्रीमंत आणि वर, लेसोथो गरीब आणि तोही वर. "म्हणजे पैशाचा काही संबंध नाही," तो म्हणाला. असं नसतं. देशांच्या ठिपक्यांवरून माणसांबद्दल बोलता येत नाही. श्रीमंत देशातला कर्जात बुडालेला माणूस आणि तिथलाच सुखवस्तू माणूस एकाच ठिपक्यात मिसळलेले असतात. पैशाचा संबंध बघायचा तर एकाच देशातल्या लोकांची तुलना हवी, किंवा एकाच देशाची, पण वेगवेगळ्या वर्षांतली.

तेव्हा मी त्याला सांगितलं, सगळे देश एका नकाशात कोंबू नकोस. प्रत्येक देशाला त्याची स्वतःची छोटी चौकट दे, तिच्यात त्याची स्वतःची रेष काढ, सगळ्या चौकटींचे अक्ष सारखे ठेव आणि त्या शेजारी शेजारी लाव. पासपोर्ट फोटोंच्या पानासारखं. यात देशाची तुलना त्याच्याच कालच्या दिवसाशी होते. नोंदणी सदोष असली तरी सहसा ती दरवर्षी साधारण सारखीच सदोष असते, त्यामुळे रेषेचं वळण बऱ्यापैकी विश्वासाचं ठरतं. पायरी किती उंच आहे यापेक्षा माणूस जिना चढतोय की उतरतोय, हे जास्त भरवशानं कळतं.

आणि वळणं बोलतात. जपानची रेष बघा. १९९७ मध्ये २४,३९१, पुढच्याच वर्षी ३२,८६३. एका वर्षात आठ हजारांची उडी. आशियाई आर्थिक संकट आलं, बँका-कंपन्या बुडाल्या, आणि आयुष्यभर एकाच कंपनीत नोकरी करायची असं धरून चाललेले मध्यमवयीन पुरुष रस्त्यावर आले. २००३ मध्ये रेष ३४,४२७ वर पोचली. २००६ मध्ये जपाननं आत्महत्या प्रतिबंधासाठी कायदा केला, म्हणजे ही एकट्याची खासगी बाब नसून समाजानं सोडवायचा प्रश्न आहे असं लिहूनच टाकलं. २०१२ मध्ये आकडा तीस हजारांच्या खाली आला, २०१९ मध्ये २०,१६९. मग २०२० मध्ये अनेक वर्षांनी पहिल्यांदा पुन्हा वाढ. महिनावार बघितलं तर साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत आकडे उलट कमी होते. वाढ नंतर झाली, आणि ती स्त्रियांमध्ये जास्त. वर्षाच्या एका ठिपक्यात हे काहीच दिसलं नसतं. वयाप्रमाणे रेषा वेगळ्या केल्या की आणखी एक गोष्ट वर येते: मोठ्यांच्या रेषा उतरत असताना शाळकरी मुलांची चढत गेली, आणि अलीकडे ती वर्षाला ५०० च्या वर आहे. एकूण रेष खाली येतेय म्हणून समाधान मानणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

कॅगलच्या तक्त्याबाहेरच्या जुन्या नोंदी जोडल्या तर रशियाची रेष १९८५ नंतर दोन-तीन वर्षं झपकन खाली येते. गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली तो काळ. मोहीम ढिली पडली, सोव्हिएत संघ मोडला, आणि १९९४ मध्ये दर लाखामागे सुमारे ४२ वर गेला. तिथून मात्र तो बराच उतरला आहे.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती श्रीलंकेची रेष. १९९५ च्या सुमारास तिथला दर लाखामागे ४७ होता, जगातल्या सर्वात जास्त दरांपैकी एक. आज तो त्याच्या सुमारे ७० टक्क्यांनी खाली आहे. यादवी युद्ध तर २००९ पर्यंत चाललं, दारिद्र्य संपलं नव्हतं, घरोघरी मानसोपचारतज्ज्ञही पोचले नव्हते. मग काय बदललं? सरकारनं शेतीतली सर्वात घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढून टाकली. रेषेवर बंदीची वर्षं उभ्या रेघांनी दाखवली की प्रत्येक रेघेनंतर उतार दिसतो. संशोधकांच्या अंदाजानं १९९५ ते २०१५ मध्ये यामुळे सुमारे ९३ हजार जीव वाचले, आणि पिकांच्या उत्पादनाला फटका बसल्याचंही दिसलं नाही.

"पण ज्याला करायचंय तो दुसरं काहीतरी करेलच ना," भाचा म्हणाला. हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, आणि ती रेष नेमकं तेच खोडून काढते. टोकाचा क्षण बहुतेकदा थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात जीवघेणी वस्तू हाताशी नसली, कोणी बोलायला मिळालं, तर माणूस त्यातून बाहेर येतो, आणि बाहेर आलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्या करत नाहीत. ठाण्या-पालघरच्या पाड्यांपासून विदर्भापर्यंत शेतकरी घरांत कोपऱ्यात काय ठेवलेलं असतं, हा म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

विदर्भाचं नाव निघालंच आहे तर सांगते. आपल्या राज्यात शेतकरी आत्महत्यांची दोन दप्तरं आहेत. पोलिसांचं एक आणि महसूल खात्याचं दुसरं. महसूल खातं भरपाई द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी प्रत्येक प्रकरण तपासतं: शेती नावावर आहे का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का. मग शिक्का बसतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. सातबारावर नाव नसलेली, दिवसभर शेतात राबणारी बाई यात शेतकरी ठरत नाही. पोलिसांच्या तक्त्यात ती 'गृहिणी' होते. २०२२ मध्ये देशातल्या नोंदींत गृहिणी १४.८ टक्के होत्या, शेतकरी आणि शेतमजूर मिळून ६.६, रोजंदारीवरचे २६.४. या टक्क्यांचे रंगीत स्तंभ दरवर्षी छापून येतात. ते बघताना आधी विचारावं, या प्रत्येक गटात मुळात माणसं किती आहेत? आणि मग, कोणाला कुठल्या गटात कोणी टाकलं?

स्त्रियांबद्दल एक आकडा मात्र नुसता वाचून सोडू नये. जगात आत्महत्येनं मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. भारतात ही दरी त्या मानानं अरुंद आहे. २०१६ साठीच्या एका जागतिक अभ्यासानुसार जगभरात आत्महत्येनं मरण पावलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या. जगातल्या स्त्रियांपैकी आपल्याकडे राहतात अठरा टक्क्यांच्या आसपास. पुरुष आणि स्त्रिया एकत्र करून काढलेल्या नकाशात भारत मध्यम रंगाचा दिसतो. फक्त स्त्रियांचा नकाशा काढा, मग रंग बघा. चीनमध्ये नव्वदच्या दशकात ग्रामीण स्त्रियांची स्थिती अशीच, किंबहुना वाईट होती, आणि तिथला दर नंतर झपाट्यानं उतरला.

'कारणां'चा वर्तुळाकार आलेख मी भाच्याला काढूच दिला नाही. एनसीआरबीच्या २०२२ च्या तक्त्यात कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के असं दिलेलं आहे. लाडवासारखं वर्तुळ कापून त्याचे भाग करायला ते फार सोयीचं वाटतं. पण एका माणसाच्या मृत्यूचं एकच कारण नसतं. आजार, त्यापायी झालेलं कर्ज, कर्जापायी झालेली भांडणं, भांडणानंतरची दारू, आणि यातलं काहीच कोणाला न सांगता येणं, यातलं कुठलं एक कारण लिहायचं? रात्रपाळीच्या हवालदारानं घाईत एका रकान्यात खूण केलेली असते. वर्तुळ त्या खुणेला शास्त्राचा दर्जा देतं.

आठवडाभरानं भाच्यानं नवं पान दाखवलं. २०१६ साल काढून टाकलेलं, बारा देशांच्या बारा चौकटी, अक्ष शून्यापासून सुरू होणारे. आधीचा लाल रंग जाऊन शांत निळा आला होता. मृतदेहाची सावली असलेलं एक चित्र त्यानं कुठूनसं कोपऱ्यात डकवलं होतं, तेही गेलं. पानाच्या तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक होता, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं, अशा ओळीसकट. हे मी सुचवलेलं नव्हतं. "प्रेझेंटेशनला ऐंशी जण बसणार आहेत," तो म्हणाला. "कोणाला लागू शकतो."

तेरावी चौकटही होती. करडी, आत एकही रेष नाही. खाली लिहिलेलं: 'भारत. या तक्त्यात नोंद नाही.' त्याच्या सरांनी पान बघून म्हणे विचारलं, ही चौकट रिकामी का ठेवलीस, काढून टाक ना. त्यानं ती काढली नाही. एनसीआरबीचा आकडा आणि घरोघर जाऊन काढलेला अंदाज, असे २०१० सालचे दोनच ठिपके त्यानं तिच्यात एकावर एक ठेवले, आणि त्यांच्यामधलं अंतर तुटक रेघेनं जोडलं.